गाडी-पाहणी मंडळ, माउंट रॉस्किल

महागाची गाडी माणूस दहा मिनिटांत घेतो. रंग आवडतो, सही करतो आणि निघतो. स्वस्तातली, वापरलेली, लहान गाडी घ्यायला मात्र घरात निदान एक इंजिनियर लागतो, ओळखीत आणखी दोघं लागतात, आणि तिघांनाही शनिवार-रविवारी दुसरा उद्योग नसावा लागतो. विमलअक्कांच्या घरी या सगळ्या अटी देवाच्या दयेने पुऱ्या होत होत्या.

विमलअक्का म्हणजे पुण्यात नारायण पेठेत सव्वीस वर्षं खाणावळ चालवलेली बाई. शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथीचं निम्मं वर्ष धाकट्या भावंडांना सांभाळण्यात गेलेलं. पण शे-दोनशे पोरांना जेवू घालून त्यातली निम्मी त्यांनी डोळ्यांदेखत इंजिनियर होताना पाहिली होती, त्यामुळे या प्राण्याबद्दल त्यांना कसलाही भ्रम नव्हता. (चार पोळ्या खाऊन पाचवीला "अर्धीच द्या" म्हणतो आणि मग उरलेली अर्धीही मागतो, तो इंजिनियर. डॉक्टर सरळ सहा मागतात.) त्यातलाच एक त्यांनी स्वतः जन्माला घातला होता. त्याचं नाव चंद्रहास. घरात चंदू.

चंदू ऑकलंडच्या एका कंपनीत टेस्टर होता. टेस्टर म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. अक्का हे काम आयुष्यभर फुकट करत आल्या होत्या, म्हणून मुलानं त्यात नाव काढलं याचा त्यांना अभिमान होता. डॉमिनियन रोडपासून सात मिनिटांवर त्यांचं भाड्याचं घर होतं. घरात अक्का, चंदू, सून स्वरदा आणि आठ वर्षांची नात इरा. इराला मराठी सगळं कळायचं. उत्तर इंग्रजीत यायचं.

या देशात येऊन चार वर्षं झाली तरी घरात गाडी नव्हती. नव्हती म्हणजे घ्यायची नव्हती असं नाही. चंदू मार्केट बघत होता. चार वर्षं तो रोज बसमध्ये बसून फोनवर मार्केट बघायचा, आणि बस रोज रखडायची म्हणून मार्केट बघायला वेळही भरपूर मिळायचा. आठवड्याची वाणसामानाची फेरी प्रकाशरावांच्या गाडीतून व्हायची. त्यांचा उल्लेख पुढे येईलच, कारण तो टाळता येत नाही.

तर ऑगस्टअखेर स्वरदाला पत्र आलं.

स्वरदा पुण्यात सहा वर्षं रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये होती. इथे आल्यावर ती चार वर्षं सुपरमार्केटच्या भाजी विभागात काकड्या रचत होती. त्याही ती एका लांबीच्या रचायची, कारण सवय. रात्री इरा झोपली की ती इथल्या नोंदणीच्या परीक्षेचा अभ्यास करायची, आणि ती परीक्षा ती पास झाली हे घरात सगळ्यांना दोन दिवसांनी कळलं, कारण त्या दिवशी चंदूच्या ऑफिसात काहीतरी मोठं बंद पडलं होतं आणि जेवताना तोच विषय होता. आता मनुरेव्याच्या एका लॅबनं तिला बोलावलं होतं. काम सकाळी सहाला सुरू. दोन केंद्रांमध्ये नमुन्यांचे डबे स्वतः न्यायचे-आणायचे, म्हणून स्वतःची गाडी हवी. सोबत एक फॉर्म होता. त्यात एक चौकट होती : गाडीचा नंबर. फॉर्म भरून पाठवायला सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत.

स्वरदानं फॉर्म भरला. नाव, पत्ता, परीक्षा, अनुभव, सही. ती एक चौकट तेवढी रिकामी ठेवून तिनं तो फ्रिजवर लोहचुंबकानं लावला. दूध काढायला गेलं की फॉर्म दिसायचा. सगळ्यांनाच दिसायचा.

अशा प्रसंगी साधी माणसं गाडी घेतात. चंदूनं मंडळ नेमलं.

मंडळाचे अध्यक्ष प्रकाशराव. इथे येऊन एकोणीस वर्षं, पेशानं पुलांचे इंजिनियर. एकोणीस वर्षांत त्यांनी सात गाड्या बदलल्या आणि सातांपैकी एकीबद्दलही ते चांगलं बोलत नसत, यावरून त्यांचा अनुभव दांडगा आहे हे सिद्ध होतं. तांत्रिक सदस्य श्याम. हा नाशिकचा, आला होता हॉटेल-व्यवस्थापन शिकायला आणि आता टायरच्या दुकानात होता, म्हणजे गाडीचे चार भाग त्याला नक्की कळत होते. सचिव खुद्द चंदू. आणि सल्लागार विमलअक्का, कारण वस्तू पाहून घेण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि त्यांना घरी बसवण्याची हिंमत असणारंही कोणी नव्हतं.

पहिल्या बैठकीत (कांदाभजी, चहा दोनदा) निकष ठरले. चंदूनं चौकटीचौकटींचा एक तक्ता केला. त्यात एकेचाळीस रकाने होते. इंजिन किती, वर्ष कुठलं, जपानात वापरून झाल्यावर इकडे कधी आली, किती किलोमीटर पळाली, ते किलोमीटर खरे वाटतात का, रस्त्यावर आणायला लागतं ते तपासणीचं वॉरंट कधीपर्यंत, किती हातांतून गेली, लिटरला किती देते, मागच्या सीटवर तीन माणसं बसतात का, तीन मराठी माणसं बसतात का. पेला ठेवायच्या खाचा किती यालाही एक गुण होता. सर्वांत जास्त गुण होते पुढे विकताना किती येतील याला. प्रकाशराव म्हणाले, गाडी घेताना ती विकायची आहे हे धरूनच घ्यावी. सगळ्यांना हे फार पटलं. घ्यायचीच कशाला मग, असं अक्कांच्या जिभेवर आलं होतं, पण भजी तळायची होती.

चालवणाऱ्याचा रकाना तक्त्यात नव्हता. तो राहून गेला असं म्हणणं अन्यायाचं होईल. एकेचाळीस रकाने सुचणाऱ्या माणसाचं काही राहून जात नाही.

इथे एक माहिती देऊन ठेवते. त्या घरात गाडी चालवायचा पक्का परवाना एकट्या स्वरदाकडे होता. ती पहिल्या फटक्यात पास झाली. चंदू दोनदा नापास झाला, कारण दोन्ही वेळा त्यानं परीक्षकाला गोल चौकाच्या रचनेतली चूक समजावून सांगितली. (चूक होती म्हणे. परीक्षकही म्हणाला, असेल. मग त्यानं नापास केलं.) ही माहिती बैठकीच्या वृत्तांतात आली नाही, कारण ती तांत्रिक नव्हती.

पाहणीचा कार्यक्रम शनिवार-रविवारी. जायचं प्रकाशरावांच्या गाडीतून. प्रकाशराव चालवायला, शेजारी चंदू मांडीवर लॅपटॉप घेऊन, मागे श्याम बॅटरी घेऊन, मधे इरा, आणि खिडकीशी अक्का. इरा कशाला, तर समोरच्याचं इंग्रजी कळायला. एकोणीस वर्षांनंतरही प्रकाशरावांना गोऱ्या म्हाताऱ्यांचं बोलणं निम्मं कळायचं आणि उरलेलं निम्मं ते मान डोलवून कळवून घ्यायचे. अशी गाडी भरायची. स्वरदाला जागा उरायची नाही. शिवाय परत आल्यावर मंडळाला जेवायला लागे.

पाहणी कशी करायची हे कोणी कोणाला शिकवलं नाही. ते आपल्या रक्तातच आहे. पाचजणांनी उतरायचं. लगेच गाडीकडे जायचं नाही, हावरेपणा दिसतो. आधी घराकडे, अंगणाकडे, मालकाच्या चपलांकडे बघायचं. मग गाडीभोवती एक फेरी, हात मागे बांधून, चेहरा पडलेला. वय विचारायचं. आधी कुठे दिली होती का, का परत आली, कधी पडली-झडली होती का, आवाज करते का, खाते किती. अंगावरचा डाग दिसला की एकमेकांकडे बघायचं आणि मालकाकडे बघायचं नाही. चंदू तक्ता भरायचा. श्याम टायर दाबायचा. प्रकाशराव इंजिनचं झाकण उघडायला लावून आत बराच वेळ बघायचे, विहिरीत बघावं तसे, आणि "हं" म्हणायचे. तो "हं" तक्त्यात कुठे घालायचा हे चंदूला शेवटपर्यंत कळलं नाही.

अक्कांची परीक्षा वेगळी होती. त्या दार उघडून लावून बघायच्या. नव्या माठावर टिचकी मारावी तसं पत्र्यावर बोट वाजवायच्या. डिकीत तोंड घालून वास घ्यायच्या. आणि पायाखालची पायपुसणी उचलून बघायच्या, कारण बाईचं घर पायपुसण्याखाली कळतं असा त्यांचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता. एका गाडीत त्यांना पायपुसण्याखाली चुरमुऱ्यासारखं काहीतरी सापडलं. ती गाडी त्यांनी तिथल्या तिथे बाद केली. तक्त्यात तिला ब्याऐंशी गुण होते.

एक गाडी सुरू केली की जपानी बाईचा आवाज यायचा. जपानहून येताना तो गाडीबरोबर आला होता आणि बंद कसा करायचा हे मालकालाही माहीत नव्हतं. बाई अगदी नम्रपणे, थांबून थांबून, काहीतरी सांगत होती. अक्का म्हणाल्या, ती बिचारी काय सांगतेय ते आधी ऐका. प्रकाशराव म्हणाले, दुर्लक्ष करायचं, आठवड्यात सवय होते. मंडळानं हे निरीक्षण नोंदवून घेतलं.

सगळं बघून झालं की शेवटचा विधी. प्रकाशराव मालकाचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "वी विल लेट यू नो." म्हणजे कळवतो.

'कळवतो' ही आपल्या समाजानं जगाला दिलेली देणगी आहे. त्यात होकार नाही, नकार नाही, अपमान नाही, बांधिलकी नाही. मुलाकडच्यांनी 'कळवतो' म्हटलं की मुलीकडच्यांनी पंधरा दिवस दारातल्या आवाजाकडे कान लावून बसायचं असतं. यातली गंमत एवढीच की, हे या देशातल्या माणसांना कोणी सांगितलेलं नाही. 'कळवतो' म्हटलं की इथला माणूस हसून "स्वीट ॲज", म्हणजे झकास, म्हणतो, आणि पुढचं गिऱ्हाईक येईल त्याला किल्ली देऊन टाकतो. वाट बघत बसत नाही. मनात ठेवत नाही. चुलतभावाला पाठवून चौकशीसुद्धा करत नाही.

दोन शनिवार-रविवारांत मंडळानं नऊ गाड्या पाहिल्या. नऊही ठिकाणी 'कळवतो' म्हटलं. सहा गाड्या मंडळ हायवेला लागायच्या आत विकल्या गेल्या. दोन दुसऱ्या दिवशी. एक बाद, चुरमुरे. प्रकाशरावांनी यावरून निष्कर्ष काढला की मार्केट गरम आहे आणि अशा वेळी घाई करू नये. लहान गाड्या घेणाऱ्यांपैकी शंभरातले ऐंशी लोक पस्तावतात, असा आकडाही त्यांनी सांगितला. (हा आकडा त्यांनी पाच मित्रांवरून काढला होता. पाचवा हल्ली फोन उचलत नाही, म्हणून तो समाधानी धरला.)

प्रत्येक वेळी घरी आलं की स्वरदा विचारायची, "झाली?" आणि चंदू जेवताजेवता तिला गाडी का झाली नाही ते समजावायचा. तो फार छान समजावायचा. वरण वाढताना ती ऐकायची. दूध काढायला फ्रिजकडे जायची. दार उघडताना फॉर्म हलायचा.

तिसऱ्या रविवारी मनुरेव्यात दहावी गाडी पाहिली.

निळी, लहान, टापटीप. मालकीण साठीची माओरी बाई, पायात जँडल्स म्हणजे आपल्या रबरी स्लीपर, हातात नातीच्या केसांचा गुंता अडकलेला कंगवा. दारातच "किया ओरा" म्हणून नमस्कार केला आणि किल्ली प्रकाशरावांच्या हातात न देता टपावर ठेवून दिली, घ्या काय बघायचं ते. आठ वर्षं तिनं एकटीनं चालवलेली. तेल बदललं त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात तारीखवार. श्यामनं चारही टायर दाबले आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच दुःख दिसलं, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. प्रकाशरावांनी आत बघितलं आणि "हं" म्हणाले नाहीत. अक्कांनी पायपुसणी उचलली. खालचा गालिचा तळहातासारखा स्वच्छ होता. तक्त्यात एक्याण्णव गुण आले. चंदूनं बेरीज दोनदा केली, टेस्टर होता.

मग त्या बाईनं एक प्रश्न विचारला. नऊ मालकांपैकी एकानंही तो विचारला नव्हता. "चालवणार कोण?"

मंडळानं एकमेकांकडे बघितलं. उत्तर इरानं दिलं. "माय मम."

"मग ती कुठे आहे?"

"होम. शी'ज मेकिंग लंच."

बाई हसली. वाईट नाही हसली. म्हणाली, तिला घेऊन या की, बसून तर बघू दे, माझी सीट जरा मागे आहे, पाय पोचायला हवेत. चारला एक मुलगी बघायला येणार आहे. तोपर्यंत गाडी तुमचीच समजा. इरानं सगळं सांगितलं, या वेळी मराठीत, कारण तिलाही त्याचं महत्त्व कळलं असावं.

तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. घर अर्ध्या तासावर. सगळ्यांनी अक्कांकडे बघितलं. खरंतर त्यांनी मान हलवायचा अवकाश होता. प्रकाशरावांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा एका गाडीला नावं ठेवली नव्हती.

पण अक्कांनी तारीख मोजली. आणि म्हणाल्या, "पितृपक्ष लागलाय. पंधरा दिवस घरात नवी वस्तू येणार नाही. आणि गाडी काय कुठे जातेय? कळवतो म्हणावं."

हे ऐकून मंडळात कोणीही निराश झालं नाही, हे नमूद करायला हवं. प्रकाशराव म्हणाले, माझा स्वतःचा यावर विश्वास नाही, पण अक्कांचा मान राखायला हवा. चंदूला आकडे तपासायला पंधरा दिवस मिळाले. श्यामला भूक लागली होती. प्रत्येकाला काही ना काही मिळालं. प्रकाशरावांनी बाईचा हात हातात घेतला. बाई "स्वीट ॲज" म्हणाली, आणि इराच्या केसांवरून हात फिरवून नातीचा कंगवा परत हातात घेतला.

अक्का त्या दिवशी परतताना खूश होत्या. वस्तू चांगली निघाली की मोह आवरण्यातच कस लागतो, आणि तो त्यांनी आवरला होता.

घरी स्वरदानं सगळं ऐकून घेतलं. भाताची वाफ जिरेपर्यंत थांबली. बाकीचे बाहेर पानावर बसले होते, स्वयंपाकघरात त्या दोघीच.

"आई, शुक्रवार शेवटचा आहे."

"माहितीय मला. तुमच्या त्या लॅबवाल्यांना सांग, आमच्यात पंधरवडा पाळतात. माणसंच आहेत ना ती."

"एक विचारू? तुम्ही मला पाहायला आला होतात, तेव्हा किती वेळ लागला होता तुम्हाला ठरवायला?"

अक्कांना आठवत होतं. त्यांना सगळंच आठवायचं. धनकवडीला, दुसऱ्या मजल्यावर, पोहे बरे होते पण खोबरं कमी. "पोहे खाऊन होईपर्यंत," त्या म्हणाल्या. "वीस-बावीस मिनिटं. मला माणूस कळतो."

"मग गाडीला तीन आठवडे का लागतात?"

आयुष्यात अक्कांना उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं. तसं याही प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते अगदी सरळ होतं. गाडी पुढे विकायची असते. सुनेला रीसेल नसतो, म्हणून तिची एवढी चौकशी करायचं कारण नसतं. हे उत्तर अक्कांच्या मनात पूर्ण तयार झालं, जिभेच्या टोकाशी आलं, आणि त्यांनी भाताचं पातेलं उचलून बाहेर नेलं. ते जड होतं. एरवी ते स्वरदा उचलायची.

निळी गाडी त्याच दिवशी सव्वाचारला गेली. नर्सिंग शिकणारी एक मुलगी आईला घेऊन आली, आत बसली, सीट पुढे ओढली, एकदा हॉर्न वाजवला आणि घेऊन गेली. मालकिणीनं हे सगळं चंदूला फोनवर लिहून कळवलं. त्या सगळ्या व्यवहारात कोणी कोणाला खरोखर कळवलं असेल तर तिनंच.

पुढचे पाच दिवस मंडळानं कसूर केली नाही. संध्याकाळी जाऊन पाहिलेल्या आणखी दोन गाड्या अंतिम फेरीत होत्या, चंदेरी आणि लाल. चंदेरीला अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार, लालला अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक. बुधवारी स्वरदानं लॅबला फोन करून दोन आठवडे मागितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शुक्रवारची पाचची वेळ पुन्हा सांगितली. गुरुवारी ती चंदूला म्हणाली, मी उद्या एकटी जाते आणि दोन्हींतली कुठलीही आणते. चंदू म्हणाला, अगं, अशी कुठलीही कशी आणता येईल. मग त्यानं तिला दोघींच्या गुणांतला फरक समजावला. तो तीन दशांश होता. शिवाय आई. शिवाय एवढी मोठी रक्कम बँकेतून काढायला त्याची सही लागत होती, आणि सही तो वाचल्याशिवाय करत नसे.

शुक्रवारी दुपारी साडेचारला त्यानं तोडगा काढला. चौकटीत 'ठरायचं आहे' असं इंग्रजीत लिहून पाठवायचं. त्याच्या ऑफिसात हे चालतं. स्वरदानं तसं लिहून पाठवलं. सोमवारी लॅबचं उत्तर आलं, फार गोड भाषेत. तुम्हाला भेटून आनंद झाला, जागा भरली, काळजी नसावी, "नो वरीज". या देशात "नो वरीज" म्हटलं की विषय संपला असं समजायचं असतं. स्वरदानं फ्रिजवरचं लोहचुंबक काढून खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली. काकड्यांचा हंगाम नव्हता, तेव्हा भोपळे रचले.

गाडी दसऱ्याला आली. चंदेरी. मुहूर्त पुण्याच्या गुरुजींनी काढून दिला, तिकडच्या वेळेत. मधल्या रविवारी इथली सगळी घड्याळं सरकारनं तासभर पुढे केली होती, त्यामुळे मुहूर्त इथल्या वेळेत आणायला चंदूला तीन वेगवेगळे हिशेब करावे लागले. तिन्हींची उत्तरं वेगळी आली. शेवटी तिन्ही वेळांना एकेकदा आरती केली. झेंडूची माळ, टपावर अक्षता, चाकांखाली शेजारच्या झाडाची लिंबं. शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघत होता. त्याला वाटलं लिंबं घरंगळून चाकाखाली गेलीत, म्हणून तो ती काढायला आला. त्याला पेढा दिला.

किल्ली चंदूनं स्वरदाच्या हातात दिली, सगळ्यांसमोर, फोटो काढून. टाळ्या झाल्या. तिचे पाय पोचत नव्हते. सीट पुढे सरकत नव्हती, तो खटका अडकला होता, एकेचाळिसांत तो रकाना नव्हता. अक्कांनी आत जाऊन देवघरासमोरची आपली गादी आणली, दुमडली आणि तिच्या पाठीमागे नीट खोचली. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

"दुसरी निघेल जागा," खोचताना त्या हळूच म्हणाल्या.

"हो आई," स्वरदा आरशाकडे बघत म्हणाली. "कळवतील."

अक्कांनी दार लावलं. आवाज चांगला आला.

मंडळाचं मात्र नाव झालं. एक्याण्णवची गाडी सोडून अठ्ठ्याहत्तरची घेण्याचा संयम सगळ्यांत नसतो. पार लोअर हट गावाहून फोन आले, तक्ता मागवून घेतला गेला. आता दर रविवारी मंडळ दुसऱ्यांसाठी गाड्या पाहायला जातं. प्रकाशरावांची गाडी त्यांच्याच मते विश्वासाची नाही, म्हणून जातात चंदेरीतून. आणि ती चालवायचा परवाना घरात एकट्या स्वरदाकडे, म्हणून ती चालवते. मंडळात तिला जागा नव्हती असं आता कोणी म्हणू शकणार नाही. मनुरेव्याकडे गेलं की तिला रस्ता विचारावा लागत नाही. एका बैठ्या पांढऱ्या इमारतीपाशी ती गाडी जरा हळू करते. प्रकाशराव म्हणतात, बघा, अशी चालवली की पेट्रोल वाचतं.

दिवाळीच्या फराळाला हॉलमध्ये शंभर माणसं होती. त्यातल्या चाळीसएक जणांनी अक्कांना गाठून गाडीबद्दल विचारलं. कितीला पडली. एव्हरेज काय देते. हायब्रीड का नाही घेतली. अक्का खुर्चीत ताठ बसून सगळ्यांना उत्तरं देत होत्या. "अठरा देते," त्या म्हणायच्या, "अठरा, गावात." स्वरदा पलीकडे ताटल्या लावत होती. चाळीसांतल्या एकानंही तिच्याबद्दल काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर काय सांगायचं हे अक्कांनी तीन दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. एकेचाळिसावा माणूस आला, तोही म्हणाला, अक्का, एव्हरेज?

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तुम्हीही इथवर वाचत आलात, आणि मघापासून तुमच्या मनात एकच गोष्ट सलते आहे : चंदेरी, निळी, लाल म्हणून गेले, पण कंपनी कुठली आणि मॉडेल कुठलं ते काही सांगितलं नाही. तर रविवारी सकाळी नऊला, डॉमिनियन रोडच्या कोपऱ्यावर या. मंडळात तुमच्यासारख्या माणसाची गरज आहे. मागे खिडकीशी जागा होईल. चालवायला स्वरदा आहेच.